ब्लॅक पुडिंग, हॅगिस, ईल आणि गाडीभर भांडणं

शनिवार, लंडन

आमच्या साडूंचं म्हणणं असं की ब्रिटिश जेवणाला शिव्या घालणाऱ्या बहुतेकांनी ते खाल्लेलंच नसतं, विमानतळावरचं गारढोण सँडविच आणि हॉटेलच्या बुफेतले बीन्स एवढ्यावर निकाल देऊन लोक मोकळे होतात. मी आपलं नेहमीचं, हे लोक मसाल्यासाठी जगभर फिरले आणि घरी येऊन बटाटा उकडला वगैरे सुरू केलं तर म्हणाले, भाऊ, हा जोक इथे आलेला प्रत्येक पाहुणा पहिल्याच दिवशी मारतो, नवीन काहीतरी काढा. मग ठरलं की गाडी काढायची, ज्या गावचा जो पदार्थ तो त्याच गावात जाऊन खायचा आणि मत द्यायचं. साडूंना फिरायला निमित्तच लागतं.

परीक्षक मंडळ सांगून टाकतो म्हणजे पुढची भांडणं कळतील. मी कोल्हापूरचा, सगळं खातो. साडू लंडनजवळच्या स्लाऊला राहून वीसेक वर्षं झाली, तेही सगळं खातात. बायको अलिबागची, तिला मासे आणि फार तर चिकन. मेव्हणी कायम डाएटवर, म्हणजे स्वतः मागवणार नाही पण सगळ्यांच्या ताटातलं चाखणार. भाचा पंधरा वर्षांचा, तिकडेच जन्मलेला. आणि आमच्या सासूबाई, म्हणजे आई, शुद्ध शाकाहारी, पण केकमधलं अंडं चालतं. दिसलं नाही की झालं, हा त्यांचा नियम.

सुरुवात मुद्दाम अवघड पेपराने केली. टॉवर ब्रिज रोडवर एम. मॅन्झीचं पाय अँड मॅशचं दुकान आहे, 1902 पासूनचं. आत हिरव्या-पांढऱ्या टाइल्स, लाकडी बाकडी, संगमरवरी टेबलं. पाय म्हणजे खिम्याचा, बाजूला बटाट्याचा मॅश, तोही प्लेटच्या कडेला खरवडून लावलेला, आणि वरून पार्सलीचा हिरवा सॉस ज्याला लिकर म्हणतात. ईल मासा शिजवलेल्या पाण्यात तो करायची जुनी पद्धत. काट्याचमच्याने खायचं, सुरी मागायची नाही. पूर्व लंडनच्या गोदीवर काम करणाऱ्या लोकांचं स्वस्तातलं पोटभर जेवण हे, आणि खरं सांगतो, पाय मस्त होता, खालचं कव्हर मऊ, वरचं कुरकुरीत. टेबलावर चिली व्हिनेगरची बाटली असते, तिचा सढळ हस्ते वापर केला की काम फत्ते.

मग आल्या जेलीड ईल्स. ईलचे तुकडे मसाल्याच्या पाण्यात उकळायचे आणि गार होऊ द्यायचे, माशातल्या कोलॅजनमुळे ते पाणी आपोआप थिजतं, वेगळं जिलेटिन लागत नाही. बघायला करडट, काटा लावला की थरथरतं, आणि काट्याला आधी जेली लागते मग कातडी मग मांस मग मधला मणका, या क्रमाने. थंड. मी दोन तुकडे खाल्ले. मासा चांगला होता हो, गोडसर, घट्ट, पण ती जेली घशाखाली जाताना मधेच थांबून विचार करते असं वाटलं. बायकोने एक तुकडा तोंडात घालून शांतपणे सांगितलं, "आमच्याकडे वाम अशी वाया घालवली असती तर सासूने घराबाहेर काढलं असतं. तळायची ना ही." शेजारच्या टेबलावरचे आजोबा मात्र एकटेच वाडगाभर खात होते, ब्रेडसुद्धा नाही.

साडूंनी बाजू मांडली की एकेकाळी थेम्समध्ये ईल भरपूर होत्या आणि गरिबाला परवडणारा मासा हाच होता. पुढे नदीची इतकी वाट लागली की 1957 साली शास्त्रज्ञांनी थेम्स मेल्यात जमा धरली. आता पाणी सुधारलंय पण युरोपियन ईलच नामशेष व्हायच्या काठावर आहे. म्हणजे खरं तर हा पदार्थ चविष्ट असता तरी रोज खायची सोय नव्हती.

मत: पायला आठ, जेलीड ईल्सला माझे तीन आणि बायकोचा शून्य. आईंनी भाजीचा पाय खाल्ला आणि "मीठ कमी आहे" एवढंच म्हणाल्या. हे वाक्य पुढे रोज येणार आहे.

रविवार, स्लाऊजवळचं एक गाव

रविवारी संडे रोस्ट नाही खाल्लं तर पाप लागतं असं साडूंचं मत. गावातल्या एका पबमध्ये गेलो, छत इतकं बुटकं की साडू वाकूनच चालत होते. आमचं लँब, बायकोचं चिकन, आईंचं नट रोस्ट.

इथे मला यॉर्कशायर पुडिंग भेटलं आणि आमचा सूर जुळला. मैदा, अंडं, दूध यांचं पातळ पीठ, धूर निघेपर्यंत तापलेल्या चरबीत किंवा तेलात ओतायचं आणि ओव्हनचं दार अजिबात उघडायचं नाही, वाफेने ते टम्म फुगतं. पूर्वी आगीवर मांस फिरायचं आणि त्याच्याखाली हे पिठाचं तबक ठेवायचे, वरून गळणारी चरबी त्यात पडायची. 1747 साली हॅना ग्लासबाईंच्या पाकपुस्तकात ते यॉर्कशायर पुडिंग या नावाने आलंय. आणि ते मांसाच्या आधी वाढायचे, ग्रेव्हीत बुडवून, म्हणजे पिठाने पोट भरतं आणि महागाचं मांस कमी लागतं. गृहिणी जगात कुठेही गेलात तरी हिशोबाला पक्क्या. 2008 मध्ये तर रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने जाहीर केलं की चार इंचांपेक्षा कमी फुगलं तर त्याला यॉर्कशायर पुडिंग म्हणायचंच नाही. आमचं भाच्याने बोटं लावून मोजलं, पास झालं.

मांस छान, पुदिन्याचा सॉस छान, बटाटे तर अप्रतिम, आधी उकडून मग हलवून हलवून कडा खडबडीत करायच्या आणि गरम चरबीत भाजायचे, बाहेरून इतके कुरकुरीत की आवाज येतो. पण त्या ताटात एका बाजूला ब्रोकोली, गाजर आणि कोबी होते आणि त्यांची अवस्था बघवत नव्हती. कोबीला तर रंगच उरला नव्हता. त्याच किचनमधून, त्याच हातांनी, बटाटा असा आणि कोबी तसा कसा काय येतो? इथेच माझ्या डोक्यात एक थिअरी तयार झाली की हे लोक पीठ, चरबी आणि धूर या तीन गोष्टींत उस्ताद आहेत, पण पदार्थ नुसत्या पाण्यात उकळला की संपलं. साडू म्हणाले दोन दिवसांत थिअरी मांडू नका, अजून इंग्लंड सुद्धा संपलेलं नाही.

सोमवार, बेकवेल

सकाळी एम-वन हायवेवर एका सर्व्हिसेसला, म्हणजे खाण्यापिण्याच्या थांब्यावर, थांबलो, तिथल्या एग-क्रेस सँडविचबद्दल काही लिहीत नाही.

गाडीत विषय निघाला की हे असं का झालं. साडू याबाबतीत अगदी हळवे आहेत. म्हणाले, भाऊ, 8 जानेवारी 1940 ला बेकन, लोणी, साखर रेशनवर गेलं आणि मांसावरचं रेशन उठलं 4 जुलै 1954 ला. युद्ध संपून नऊ वर्षं झाली तरी कुपनं चालू होती. चीजचं बघा, दूध सरकारी ठरलेल्या प्रकारच्या चीजकडे वळवलं, गावोगावची शेतावर होणारी चीजं बंद पडली, त्यातली कित्येक परत आलीच नाहीत. एक अख्खी पिढी अंड्याची पावडर आणि उकडलेली भाजी बघत मोठी झाली, त्यांनी लग्नं केली, स्वयंपाक केला, आणि अमेरिकन सैनिक इथे येऊन तेच खाऊन परत जाऊन जगाला सांगत सुटले. मला हे पटलं. पण मागून आई म्हणाल्या, "रेशन तर आपल्याकडेही होतं, मिलो खाल्लीय आम्ही." 1972 च्या दुष्काळातली ती अमेरिकेची लाल ज्वारी. यावर साडूंकडे उत्तर नव्हतं, त्यांनी गाण्यांचा आवाज वाढवला.

बेकवेल हे डर्बीशायरमधलं छोटंसं दगडी घरांचं गाव, सोमवारी बाजार भरतो. इथे भांडण पुडिंग की टार्ट. बेकवेल पुडिंग म्हणजे खाली पापुद्र्याची पेस्ट्री, त्यावर जॅम, त्यावर अंडं-लोणी-साखर-बदाम यांचं मिश्रण, भाजल्यावर वरून तपकिरी, वेडंवाकडं, मधे खचलेलं, दिसायला अगदीच गबाळं. टार्ट म्हणजे नीटनेटकं, शॉर्टक्रस्ट आणि बदामाचा स्पंजासारखा थर. आणि सुपरमार्केटात पांढऱ्या आयसिंगवर चेरी लावून मिळतं ते तिसरंच, त्याचं नाव गावात काढू नका. गोष्ट अशी सांगतात की इथल्या रटलंड आर्म्स हॉटेलमध्ये स्वयंपाकिणीने टार्ट करताना अंड्याचं मिश्रण पिठात घालायच्या ऐवजी जॅमवर ओतलं आणि पुडिंग जन्माला आलं. साल सांगतात 1860 च्या आसपासचं. पण एलायझा अ‍ॅक्टनच्या 1845 च्या पाकपुस्तकात बेकवेल पुडिंगची कृती छापलेली आहे, त्यामुळे ती बाई बिचारी उगाच बदनाम झाली असं माझं मत.

गरम पुडिंगवर कस्टर्ड ओतून दिलं. बदामाचा वास आणि मधे चिकट, ओलसर, कडेला पापुद्रे. आईंनी पहिला घास घेतला, काही बोलल्या नाहीत, दुसरा घेतला. मेव्हणी स्वतःचं मागवायला उठली, डाएट संपलं. अंडं कुठे दिसत नव्हतं.

मंगळवार, तिथेच

दिवसभर पाऊस. सकाळी बी अँड बीच्या, म्हणजे राहणं आणि नाश्ता मिळणाऱ्या घराच्या, बाईंनी फुल इंग्लिश नाश्ता दिला आणि भाच्याने तो नाकारून बीन्स ऑन टोस्ट मागितला. यावर मी जे बोललो ते बोलायला नको होतं असं बायकोचं मत आहे. पोरगं भडकलंच. "काका, तुम्ही पावभाजी खाता ना, मग?" आता याला काय सांगणार! बीन्स 1886 साली लंडनच्या फोर्टनम अँड मेसनमध्ये अमेरिकेहून आलेला भारी माल म्हणून विकायला ठेवले होते, तिथून ते शाळकरी पोरांच्या टोस्टवर आले. मला तो गोड टोमॅटो सॉस सकाळी सकाळी झेपत नाही. भाच्याने टेबलावरचं मार्माइट टोस्टला लावून मला खायला लावलं, बिअरच्या यीस्टपासून करतात, बर्टन अपॉन ट्रेंटला 1902 पासून. काळं, चिकट, खारट. मला आवडलं! लोणी भरपूर लावायचं आणि हे अगदी नखाएवढं. आईंना तर फारच आवडलं, पहिल्यांदा "मीठ कमी आहे" ऐकू आलं नाही.

बुधवार, बरी

मँचेस्टरच्या वर बरी नावाचं गाव आहे, त्याचा बाजार प्रसिद्ध आणि बाजारात ब्लॅक पुडिंग. डुकराचं रक्त, चरबीचे तुकडे, बार्ली नाहीतर ओट्स, मसाले, असं आतड्यात भरून उकडतात. इथे स्टॉलवर गरम पाण्यातून काढून मधे उभी चीर देऊन वर मोहरीचा सॉस लावून कागदात हातात देतात आणि उभ्या उभ्या खायचं. आजूबाजूला पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या बायका, सगळ्या हेच खातायत, कुणी तोंड वाकडं करत नाही. आतून जवळजवळ काळं, मऊ, मधे चरबीचे पांढरे चौकोन, मिरपुडीची चव मागून येते. मला कोल्हापूरची रक्तीमुंडी आठवली आणि वाटलं की यात आक्षेपार्ह आहे काय? बकरा कापला की रक्ती, मुंडी, वजडी, पाया काही टाकायचं नाही, हेच तर आपण करतो. पुण्यातले आमचे मित्र ब्लॅक पुडिंग म्हटलं की ई करतात आणि रविवारी भेजा फ्रायसाठी रांग लावतात.

साडूंनी सांगितलं की शेजारच्या रॅम्सबॉटमला सप्टेंबरमध्ये ब्लॅक पुडिंग फेकायची जागतिक स्पर्धा असते. वीस फूट उंचीवर यॉर्कशायर पुडिंगं रचून ठेवतात आणि लँकेशायरवाले खालून ब्लॅक पुडिंग फेकून ती पाडतात. दोन परगण्यांचं जुनं वैर, सुटलं कशावर तर पुडिंगवर.

पण त्याच बाजारात ट्राइप पण होतं. गाईचं पोट. एकेकाळी लँकेशायरच्या गिरणी कामगारांचं हे मुख्य खाणं, युनायटेड कॅटल प्रॉडक्ट्स नावाच्या कंपनीची शंभराहून जास्त दुकानं होती या भागात, नुसती ट्राइपची, काहींच्या वर तर टेबलक्लॉथवालं रेस्टॉरंट. आता नावापुरते स्टॉल उरलेत. आम्ही घेतलं, थंड, व्हिनेगर आणि मीठ. पांढरंशुभ्र, इतकं धुऊन धुऊन आणि उकळून उकळून स्वच्छ केलेलं की त्याची स्वतःची अशी चवच राहिलेली नाही, रबर आणि व्हिनेगर. अहो वजडीला कांदा, खोबरं, लसूण, कोथिंबीर आणि दोन तास चूल लागते, तिला असं उघडं पाडून कसं चालेल. साडूंनीही अर्धं ठेवलं, आणि मी त्यांच्याकडे बघून नुसतं "पाण्यात उकळलं की..." एवढंच म्हणालो. गप्प बसले.

आजवरचं सर्वांत चांगलं आणि सर्वांत वाईट, दोन्ही एकाच बाजारात, पन्नास पावलांवर.

गुरुवार, कार्टमेल

लेक डिस्ट्रिक्टचं सौंदर्य वगैरे इतरांनी पुष्कळ लिहिलंय, आणि आम्हाला धुक्यात फक्त मेंढ्या दिसल्या. कार्टमेलला थांबलो ते स्टिकी टॉफी पुडिंगसाठी. खजूर चिरून गरम पाण्यात सोडा घालून भिजवायचा, त्याचा ओलसर केक आणि वर लोणी, ब्राउन शुगर, क्रीम यांचा टॉफी सॉस. हा पदार्थ पारंपरिक म्हणायचा का यावरच आधी वाद झाला, कारण तो गाजला 1970 च्या दशकात, अल्सवॉटरच्या काठावरच्या शॅरो बे हॉटेलात, फ्रान्सिस कुलसन यांच्यामुळे. त्याआधीचा उगम युद्धकाळातल्या कॅनेडियन वैमानिकांपर्यंत नेतात. मेव्हणी म्हणाली वडापाव तरी कुठे शिवाजीमहाराजांच्या काळातला आहे, आपण त्याला महाराष्ट्राचं खाणं म्हणतोच की. मुद्दा मान्य झाला.

मत: सहाच्या सहा जणांचे दहापैकी दहा. बायको मासेखाऊ असून तिनेही दिले. मला थोडं जास्त गोड वाटलं पण एकट्याने नऊ देऊन वाईटपणा कोण घेणार.

संध्याकाळी एडिनबराकडे निघालो. वाटेत साडूंनी बॉम्ब टाकला की खरा राष्ट्रीय पदार्थ चिकन टिक्का मसाला. 2001 साली परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक भाषणात तसं म्हणाले होते, आणि तो जन्मला ग्लासगोत असा तिथल्या शीश महल रेस्टॉरंटचा दावा आहे. बायको म्हणाली मग तो ब्रिटिश की आपला? इथून जो वाद पेटला तो सीमा ओलांडून स्कॉटलंडमध्ये शिरला तरी विझेना. शेवटी आईंनी निकाल दिला, "ज्या मातीत केला त्या मातीचा. आता झोपू द्या."

शुक्रवार, एडिनबरा

हॅगिस. मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस बारीक करून त्यात ओट्स, चरबी, कांदा, मिरी, आणि हे सगळं पूर्वी मेंढीच्या पोटात भरून शिजवायचं, आता कृत्रिम आवरण असतं. बाजूला नीप्स आणि टॅटीज, म्हणजे नवलकोलाच्या भाऊबंदातला स्वीडचा कंद आणि बटाटा, दोन्ही कुस्करलेले. अमेरिकेने 1971 पासून खाण्यात फुप्फुसावर बंदी घातलीय, त्यामुळे खरं हॅगिस तिकडे मिळत नाही. इथे मात्र 25 जानेवारीला बर्न्स नाइटला बॅगपाइप्स वाजवत हॅगिस मिरवत आणतात, स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने 1786 साली त्याच्यावर केलेली कविता म्हणतात आणि मधेच सुरी खुपसतात.

पहिला घास घेतला आणि मी साडूंना म्हणालो, हे खाऊन जगात कुणी का हसतं? खिमा आणि कलेजी एकत्र, दाणेदार, मिरीचा नीट झणका, ओट्समुळे आलेला कोरडेपणा आणि त्यावर व्हिस्कीचा सॉस. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जिभेला तिखट म्हणण्यासारखं काहीतरी लागलं. जगभर ज्या पदार्थाची टिंगल चालते तोच सर्वांत जास्त आपल्या वळणाचा निघाला. नीप्सचं मात्र, तेच ते, पाण्यात उकळलेलं.

आईंची गंमत वेगळीच. शाकाहारी हॅगिस मिळतं! इथल्याच मॅकस्वीन या खाटकाने ते 1984 मध्ये काढलं, स्कॉटिश पोएट्री लायब्ररीच्या उद्घाटनासाठी. मसूर, राजमा, ओट्स, भाज्या. आईंनी नाव ऐकून हात मागे घेतला होता, मग मेव्हणीने घटक वाचून दाखवले, मग खाल्लं, मग म्हणाल्या कांदा जरा परतायला हवा होता पण बरं आहे, पीठ पेरलेल्या भाजीसारखं लागतंय. खाटकाने केलेला शाकाहारी पदार्थ आमच्या आईंनी संपवला ही बातमी लगेच नाशिकच्या मावशींना फोनवरून कळवण्यात आली.

शनिवार, आर्ब्रोथ

हा दिवस बायकोचा. समुद्रकाठचं गाव, बंदर, हवेत लाकडाचा धूर. आर्ब्रोथ स्मोकी म्हणजे हॅडॉक मासा, डोकं काढून, साफ करून, मिठात ठेवून, शेपटीला शेपटी बांधून जोड्या करायच्या आणि काठीवर टाकून लाकडाच्या जाळावर लटकवायच्या, वरून ओली गोणपाटं. वाफ आणि धूर दोन्हीत मासा तासाभराच्या आत शिजतो. मूळ हे शेजारच्या ऑखमिथी नावाच्या कोळीवाड्याचं, आणि 2004 पासून आर्ब्रोथच्या आठ किलोमीटरच्या आत झालेल्यालाच हे नाव लावता येतं.

आम्हाला कागदात गुंडाळून दिली, नुकतीच उतरवलेली. बाहेरून तांबूस-सोनेरी, चरचरीत कातडी, अंगठ्याने दाबून उघडली की काटा अख्खा वर येतो आणि आतलं पांढरं मांस पाकळ्यांनी सुटतं, त्यातून वाफ. काही लावायचं नाही, लिंबूसुद्धा नको. बायको बंदराच्या भिंतीवर बसून दोन्ही हातांनी खात होती आणि मी फोटो काढायला गेलो तर "काढ नंतर" म्हणाली. तिचा निकाल तिथेच लागला. माझं एक म्हणणं आहे की यात मीठ, मासा आणि धूर सोडून काहीच नाही, म्हणजे मसाल्याशिवाय चव येत नाही हा आपला दावा इथे साफ आपटतो.

भाच्याला पुढे स्टोनहेवनला जायचं होतं, डीप फ्राइड मार्स बार नावाचा प्रकार 1990 च्या दशकात तिथे सुरू झाला. नेलं नाही.

रविवार, व्हिटबी

लांबचा पल्ला मारून यॉर्कशायरचा किनारा गाठला. फिश अँड चिप्सशिवाय यादी पुरी होणार नव्हती. तळलेला मासा आणला स्पेन-पोर्तुगालहून आलेल्या ज्यू लोकांनी, चिप्सची जोड नक्की कुणी घातली यावर लंडनचा जोसेफ मॅलिन (1860 च्या सुमाराला) आणि लँकेशायरच्या मॉसलीचे लीस (1863) असे दोन दावेदार. दुसऱ्या महायुद्धात यावर कधी रेशन आलं नाही, सरकारला माहीत होतं की हे बंद केलं तर लोक खवळतील.

यॉर्कशायरात मासा म्हणजे हॅडॉक आणि तळण म्हणजे बीफची चरबी. त्याने येणारा खमंगपणा तेलाने येत नाही हे कबूल करतो. पण आईंचे चिप्स गेले ना! विचारत विचारत तेलात तळणारं एक दुकान सापडलं, तर तिथे चिप्स आणि मासा एकाच कढईत. आई म्हणाल्या राहू दे. मग त्यांच्या वाट्याला ब्रेड-बटर आणि मशी पीज. हिरवे वाटाणे पूर्ण वाळलेले, मॅरोफॅट म्हणतात, रात्रभर सोड्यात भिजवून शिजवून लगदा करायचा. रंग असा हिरवागार की संशय यावा, चव कसलीच नाही. आईंनी एक चमचा घेतला आणि वाटी बाजूला सरकवून बराच वेळ तिच्याकडे बघत बसल्या. म्हणाल्या, "वाटाण्याचा यात काही दोष नाही."

नंतर मठाच्या 199 पायऱ्यांच्या बाजूला हेन्रिएटा स्ट्रीटवर फॉर्च्यून्सचं किपर्सचं दुकान, 1872 पासूनचं. हेरिंग मासा पाठीतून उघडून धुरात टांगलेला, भिंती आतून डांबरासारख्या काळ्या. बायकोने चार जोड्या घेतल्या. साडूंना 1997 आठवलं, युरोपच्या नियमात बसत नाही म्हणून सुके बोंबील इंग्लंडात बंद झाले होते, इथली बोंबीलप्रेमी मंडळी चळवळ करून भांडली तेव्हा पुढे नियम सैल झाला. मेव्हणीने गाडीत बसताना स्पष्ट सांगितलं की किपर्स किंवा मी. किपर्स डिकीत गेले, तीन पिशव्यांत.

सोमवार, स्लाऊ

मतमोजणी. सर्वोत्तममध्ये आर्ब्रोथ स्मोकी, हॅगिस आणि स्टिकी टॉफी यांच्यात अडकलं, सर्वांत वाईट ट्राइप की जेलीड ईल्स यावर मी आणि बायको अजून बोलत नाही आहोत. मेव्हणीने रविवारच्या पबमधल्या कोबीला मत दिलं. भाच्याने बीन्स ऑन टोस्टला पहिला नंबर दिला, ते मत बाद धरायचं असा ठराव साडूंनी मांडला आणि पोरगं दार आपटून वर निघून गेलं.

या गडबडीत आई सकाळीच साडूंना घेऊन सुपरमार्केटात जाऊन आल्या होत्या. मॅरोफॅट वाटाण्याचं सुकं पाकीट, आत सोड्याची गोळी. गोळी त्यांनी केराच्या डब्यात टाकली. गरम पाण्यात वाटाणे दिवसभर भिजले, संध्याकाळी कांदा-खोबऱ्याचं वाटण, गोडा मसाला, चिंच-गूळ, आणि वर हिरवी मिरची. वाटाणा टपोरा, शिजून मऊ पण अख्खा. भाचा वासाने खाली आला, फ्रीझरमधल्या चिप्स ओव्हनमध्ये टाकल्या आणि त्यावर उसळ ओतून खायला लागला, व्हिनेगर मारून. वाडगा संपवून म्हणाला, माझं मत याला.

साडू म्हणाले ही ब्रिटिश नाही, चालणार नाही. भाचा म्हणाला वाटाणा इथला, चिप्स इथले, आणि आजीच गाडीत म्हणाली होती ज्या मातीत केला त्या मातीचा. साडू म्हणाले ते टिक्का मसाल्याबद्दल होतं. मेव्हणी म्हणाली मग टिक्का मसाला पण बाद करा. साडू त्याला तयार नाहीत. आईंना विचारलं तर म्हणाल्या मला मतबित काही कळत नाही, उसळ उरलीय, डब्यात भरून ठेवा, आणि त्या किपर्सचं काहीतरी करा, वास येतोय.